रजनीच्या पलीकडच्या प्रिया तेंडुलकर

रेशनच्या दुकानात एखादी बाई वजनमापावरून वाद घालू लागली, की आमच्या चिंचवडच्या चाळीत तिला रजनी म्हणत. म्हणणाऱ्याच्या स्वरात थोडी थट्टा असे, थोडे कौतुकही. माझी आई अजून हा शब्द वापरते. ही रजनी कोण, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आणि ती रंगवणारी अभिनेत्री मराठीतील एक चांगली कथालेखिका होती, हे तर कॉलेजच्या ग्रंथालयात कळले.

प्रिया तेंडुलकर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. नाटककार विजय तेंडुलकरांची ही कन्या. घरातच नाटक असल्यावर वाट सरळ रंगमंचाकडे जाईल, असे कुणालाही वाटेल. पण त्यांनी पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, विमानात हवाई सुंदरी म्हणून काम केले, जाहिरातींत दिसल्या, बातम्याही वाचल्या. रंगमंचावर सुरुवात झाली ती गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदन’मधील एका बाहुलीच्या भूमिकेने. १९७४ साली श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये त्या जमीनदारपुत्राची पत्नी झाल्या. नवऱ्याच्या घरी येऊन तेथल्या गरीब मोलकरणीला बाहेर काढणारी ही बाई. पुढे सामान्यांच्या हक्कांसाठी भांडणारी म्हणून देशभर ओळखली जाणारी नटी पडद्यावर प्रथम आली ती अशी! नंतर ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’ यांसारखे मराठी चित्रपट आले. पण घरोघरी नाव पोहोचले नव्हते.

ते पोहोचवले बासू चटर्जींच्या ‘रजनी’ने, १९८५ साली. दूरदर्शन ही एकच वाहिनी असण्याचा तो काळ. टेल्को-बजाजच्या कामगारांच्या घरी टीव्ही येऊ लागले होते, आणि ज्याच्या घरी तो असे त्याच्याकडे सारी गल्ली जमे. गॅसच्या सिलिंडरसाठी नंबर लावून ताटकळणाऱ्यांना पडद्यावर साडी नेसलेली एक साधी गृहिणी दिसली. तिच्याकडे ना वशिला, ना पद. ती फक्त विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. टॅक्सीवाल्यांवरचा भाग पाहून मुंबईच्या टॅक्सीचालकांनी निषेधाची निदर्शने केली, इतकी ती लोकांना खरी वाटली.

ही जमीन अर्थात आधी नांगरलेली होती. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ मध्येच केली होती. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याचे श्रेय एका मालिकेला देणे अतिशयोक्तीचे होईल; पण ग्राहकालाही हक्क असतो, ही गोष्ट माजघरापर्यंत नेली ती रजनीनेच.

मात्र या यशाची किंमत प्रियाताईंना मोजावी लागली. लोक त्यांच्याकडे खऱ्या तक्रारी घेऊन येऊ लागले. नटीने भूमिका उतरवून ठेवावी, तर लोक उतरवू देईनात. मालिकेत रजनीच्या पतीचे काम करणाऱ्या करण राझदान यांच्याशी १९८८ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे दोघे वेगळे झाले. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला. तेथेही प्रेक्षकांना हवी होती ती रजनीच. १९९५ च्या ‘हम पाँच’मध्ये त्या अशोक सराफांच्या दिवंगत पत्नी झाल्या. भिंतीवर टांगलेल्या तसबिरीतून ही बाई नवऱ्याला टोमणे मारी! हातपाय हलवायला वाव नाही, केवळ चेहरा आणि आवाज. तेवढ्यावर त्यांनी प्रसंग तोलले. माझ्या मते अभिनेत्री म्हणून त्यांचा कस रजनीपेक्षा या चौकटीत अधिक लागला.

आणि या सगळ्यात त्या लिहीत होत्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘पंचतारांकित’ ही त्यांची पुस्तके. त्यांच्या कथांतील माणसांचे प्रश्न रजनीच्या प्रश्नांसारखे अर्ध्या तासात सुटत नाहीत. तेंडुलकरांची मुलगी म्हणून आणि टीव्हीवरची बाई म्हणून, अशी दोन्हीकडून या लेखनाची उपेक्षा झाली. ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’ मी घरी नेले, तेव्हा आतल्या चिठ्ठीवर तारखांचे तीनच शिक्के होते.

पुढे कर्करोगाने गाठले. २००१ मध्ये आई आणि भाऊ दोघेही गेले. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने प्रियाताईंचे निधन झाले. अठ्ठेचाळीस पुरी व्हायला एक महिना उरला होता. विजय तेंडुलकर त्यानंतर आणखी साडेपाच वर्षे जगले. १९ मे २००८ रोजी पुण्यात तेही गेले.