धाव दोघांची असते

भोपाळहून इंदूरला गेलो की आम्हा इंद्रपुरीतल्या मराठी मंडळींना राजवाड्याइतकीच होळकरांच्या क्रिकेट संघाची आठवण होते. 1945 ते 1953 या काळात चारदा रणजी करंडक जिंकणाऱ्या त्या संघाचे लाडके फलंदाज म्हणजे सय्यद मुश्ताक अली.

17 डिसेंबर 1914 रोजी इंदुरात त्यांचा जन्म झाला. कर्नल सी. के. नायडूंनी त्यांच्यातले गुण हेरले. वेगवान गोलंदाजालाही क्रीज सोडून पुढे जाऊन फटकावणे, ही मुश्ताक यांची खासियत. प्रेक्षक त्यावर जीव टाकत. पण पाय बाहेर पडला की धोकाही आलाच.

जुलै 1936, मँचेस्टर. पहिल्या डावात विजय मर्चंट यांनी मारलेला चेंडू समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या मुश्ताक यांच्या बॅटवर आदळून क्षेत्ररक्षकाकडे गेला. धावेच्या ओढीने मुश्ताक क्रीजबाहेर आले होते. 13 धावांवर धावबाद! भारताचा डाव 203 धावांत आटोपला. इंग्लंडने 8 बाद 571 धावा केल्या.

दौऱ्यात संघात गटबाजी होती. कर्णधार विजयानगरमच्या महाराजकुमारांनी मर्चंटना धावबाद करण्याची गळ मुश्ताकना घातली होती, असे सांगितले जाते. ते अवघड नव्हते. एक चुकीची हाक दिली की काम झाले असते, आणि आधीच्या डावातली घटना पाहता कोणाला संशयही आला नसता.

मुश्ताक यांनी ते केले नाही. दोघांनी सलामीला 203 धावा जोडल्या. मुश्ताक 112, मर्चंट 114. परदेशातले भारतीयाचे पहिले कसोटी शतक मुश्ताक यांचे ठरले आणि हातातून गेलेला सामना अनिर्णित राहिला.

अवघे 11 कसोटी सामने त्यांच्या वाट्याला आले. 18 जून 2005 रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले. आज देशातली टी-20 स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते.

स्वतःची विकेट त्यांनी अनेकदा धोक्यात घातली. जोडीदाराची मुद्दाम कधीच नाही. उत्सवाच्या मांडवात खांद्याला खांदा लावून राबताना आम्हाला हे आठवते. गल्लीत बॅट घेऊन धावणाऱ्या आपल्या मुलांनाही ही गोष्ट जरूर सांगूया.

गणपती बाप्पा मोरया!