गलगंडाच्या शस्त्रक्रियेचे जनक : थिओडोर कोखर

एकोणिसाव्या शतकात आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत गलगंडाचे रुग्ण गावोगावी आढळत. तेथील माती व पाण्यात आयोडीनची उणीव असल्याने गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजे आणि कित्येकांचा श्वास कोंडे. त्याच प्रदेशातील बर्न शहरात २५ ऑगस्ट १८४१ रोजी थिओडोर कोखर यांचा जन्म झाला. १८७२ मध्ये ते बर्न विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

त्या काळी या ग्रंथीवर शस्त्र चालवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण मानले जाई. कोखर यांनी निर्जंतुकीकरणाचे नियम काटेकोरपणे पाळले, रक्तवाहिन्या एकेक करून बांधल्या आणि घाई कटाक्षाने टाळली. त्यांच्या पहिल्या शंभर रुग्णांत सुमारे १३ टक्के दगावले होते. १९१२ पर्यंत हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आले.

मात्र, या यशाला एक काळी किनार होती. १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. पुढे तिची वाढ खुंटली व बुद्धी मंदावली. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हर्दँ यांनी आपल्या रुग्णांतील अशाच लक्षणांकडे लक्ष वेधले, तेव्हा कोखर यांनी आपले जुने रुग्ण पुन्हा तपासायला बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ज्या अठरा जणांची तपासणी झाली, त्यांपैकी सोळा जणांची प्रकृती ढासळली होती. थोडी ग्रंथी राखलेले रुग्ण मात्र ठणठणीत होते.

आपल्याच हातून झालेली ही हानी त्यांनी १८८३ मध्ये बर्लिनच्या परिषदेत जाहीरपणे मांडली. श्वासनलिकेला इजा झाल्याने असे घडत असावे, हा त्यांचा प्रारंभीचा तर्क चुकीचा ठरला. पण त्यांच्या नोंदी खऱ्या होत्या. ही ग्रंथी देहाला अत्यावश्यक आहे, हे त्यांतूनच जगाला पटू लागले. १८९१ मध्ये इंग्लंडचे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा विकारावर उपचार केला.

१९०९ मध्ये कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद होत. २७ जुलै १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ वापरात येऊ लागले आणि गलगंड ओसरू लागला.

कोखर यांना जी उणीव ओळखण्यासाठी रुग्णाच्या चेहऱ्यावरची सूज आणि मंदावलेली चाल पाहावी लागली, ती आज रक्ताच्या साध्या चाचणीतून कळते. ग्रंथीचा स्राव कमी पडला की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक वाढवते. म्हणून टीएसएच व टी-४ यांची पातळी मोजतात. ग्रंथी काढलेल्या रुग्णास आता थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर मिळते आणि तिची मात्रा याच चाचणीवरून ठरते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही रुग्णाची पुन्हा विचारपूस करायला हवी, हा धडा मात्र कोखर यांचाच.