उत्तरपत्रिकेतील कोरे पान

उत्तरपत्रिका तपासणे हे शिक्षकी पेशातील सर्वांत कंटाळवाणे काम आहे, याविषयी प्राध्यापकवर्गात दुमत असण्याचे कारण नाही. शेकडो उत्तरपत्रिकांतून मागणीचा तोच नियम आणि त्याचे तेच अपवाद वाचीत असताना एखाद्या विद्यार्थ्याने मध्येच एक पान कोरे सोडलेले आढळले, तर परीक्षकाला क्षणभर हायसे वाटते. आम्ही त्या पानावर तिरपी रेघ मारतो आणि पुढे जातो. १९३० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथील एका प्राध्यापकाने मात्र अशा कोऱ्या पानावर रेघ मारली नाही. बिळात राहणाऱ्या एका अपरिचित प्राण्याविषयी एक वाक्य त्याने तेथे लिहून टाकले. हा प्राणी कोण आणि तो पुढे काय करणार, हे त्या वेळी खुद्द लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. जॉन रोनाल्ड रूएल टोल्कीन हे ते प्राध्यापक, आणि त्या वाक्यातून उभी राहिली ती ‘हॉबिट’ ही कादंबरी.

या घटनेची आठवण होण्यास कारण आहे. मुलांनी सुटीत काय वाचावे, असे परिचित पालक अनेकदा विचारतात. सामान्यज्ञानाचे किंवा स्पर्धापरीक्षेला पूरक असे पुस्तक सुचविले तर त्यांचे समाधान होते. अद्भुत गोष्टींचे पुस्तक सुचविले तर चेहऱ्यावर निराशा उमटते. अशा गोष्टींचा उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न असतो. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला हा प्रश्न उडवून लावता येत नाही. वेळ मर्यादित आहे, आणि तो एका कामाला दिला की दुसऱ्या कामाला मुकावे लागते, हेच तर आम्ही वर्गात शिकवीत असतो. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर केवळ रसिकतेची ग्वाही देऊन न भागविता एका माणसाच्या आयुष्यात शोधून पाहावे, असे वाटते.

प्रथम या कथांतील मंडळींचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे. गॉब्लिन म्हणजे युरोपीय लोककथांतील कुरूप, खोडसाळ आणि प्रसंगी क्रूर अशी जमात. ती बहुधा डोंगरांच्या पोटात, अंधारात राहते. एल्फ ही मानवाहून निराळी, निसर्गाशी जवळीक असलेली आणि जादू जाणणारी जमात. आपल्याकडील मुंजा, वेताळ किंवा गोमंतकातील देवचार यांच्याशी त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. तथापि आपली ही मंडळी अद्याप श्रद्धेच्या आणि भयाच्या कक्षेत आहेत. त्यांना नैवेद्य लागतो. इंग्लंडातील गॉब्लिन आणि एल्फ एकोणिसाव्या शतकातच लोकश्रद्धेतून बालवाङ्‌मयात स्थलांतरित झाले होते. जॉर्ज मॅक्डोनल्ड यांची ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ ही कादंबरी १८७२ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि मॅक्डोनल्ड यांच्या या गोष्टी टोल्कीन यांनी लहानपणी आवडीने वाचल्या होत्या.

ते लहानपण सुखाचे नव्हते. टोल्कीन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील तेथे बँकेत नोकरीला होते. आई दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली असता १८९६ साली वडील तिकडेच वारले; रोनाल्ड त्या वेळी चार वर्षांचा होता. आईने बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात बिऱ्हाड केले आणि मुलांना स्वतःच लॅटिन शिकविले, झाडापेडांची ओळख करून दिली. १९०० साली तिने कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी तिच्याकडे पाठ फिरविली आणि मदतही आखडती घेतली. १९०४ साली मधुमेहाने तिचा अंत झाला. इन्शुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे अवकाश होता. बाराव्या वर्षी पोरके झालेले हे मूल पुढे फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंच्या पालकत्वाखाली वाढले.

शाळेत मिळालेल्या मित्रांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. चार जणांचे ते जिव्हाळ्याचे मंडळ होते. आपल्या हातून वाङ्‌मयाची काही मोठी सेवा घडणार, अशी त्यांची तरुण वयाला शोभणारी श्रद्धा होती. पहिल्या महायुद्धाने ते मंडळ मोडले. १९१६ च्या मार्चमध्ये टोल्कीन यांचा एडिथ ब्रॅट यांच्याशी विवाह झाला आणि जूनमध्ये त्यांना फ्रान्सच्या आघाडीवर जावे लागले. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै रोजी, रॉब गिल्सन हा मित्र पडला. डिसेंबरमध्ये जेफ्री स्मिथ गेला. खंदकातील उवांमुळे पसरणाऱ्या तापाने आजारी पडून टोल्कीन नोव्हेंबरात मायदेशी परतले, म्हणून वाचले. १९१५ साली त्यांची गॉब्लिनांच्या पावलांविषयीची एक नाजूक कविता प्रसिद्ध झाली होती. पुढे ती त्यांना नकोशी वाटू लागली. पाकळ्यांत लपणाऱ्या चिमुकल्या पऱ्यांचे ते जग त्यांना खोटे वाटत असे.

येथून पुढची हकीकत सामान्य संसारी प्राध्यापकाची आहे. काही काळ ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या कार्यालयात काम, १९२० पासून लीड्स विद्यापीठात अध्यापन, १९२५ साली ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापकपद. तीन मुलगे आणि एक मुलगी असा परिवार. वेतन पुरेना, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत शालेय परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम ते दरवर्षी पत्करीत. ते कोरे पान याच पोटार्थी कामात हाती आले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु त्याच्याही दहा वर्षे आधी या घरात गोष्टींचा एक निराळा व्यवहार सुरू झाला होता. १९२० च्या नाताळात थोरला मुलगा जॉन तीन वर्षांचा असताना त्याला उत्तर ध्रुवावरून नाताळबाबांचे पत्र आले. थंडीने थरथरणाऱ्या हाताचे अक्षर, रंगीत चित्रे, ध्रुवप्रदेशाचे हाताने रंगविलेले तिकीट, असा सगळा थाट टोल्कीन यांनी रात्री जागून केला होता. कधी ते पाकीट सकाळी घरातच सापडे, तर कधी पोस्टमन ते आणून देई. ही पत्रे दर नाताळात १९४३ पर्यंत, म्हणजे धाकटी प्रिसिला चौदा वर्षांची होईपर्यंत, येत राहिली. त्यांत एक धांदरट ध्रुवीय अस्वल आहे. ते मदत करायला जाते आणि घोटाळा करून ठेवते. एकदा तर त्याच्या उचापतीमुळे खुद्द ध्रुवाचा खांबच मोडून घरावर कोसळतो. १९३२ पासून पत्रांत गॉब्लिन येतात. ते गुहांतून भुयारे खणून कोठारात शिरतात, मुलांसाठी ठेवलेली खेळणी पळवितात, आणि मग अस्वल व एल्फ मिळून त्यांना पिटाळून लावतात. पुढे इल्बेरेथ नावाचा एक एल्फ नाताळबाबांचा चिटणीस होतो आणि अस्वलाची व त्याची पत्राच्या समासातच बाचाबाची जुंपते. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत पत्रांचा सूर बदलतो. नाताळबाबांकडेही सामानाची टंचाई आहे आणि घरदार सोडावे लागलेल्या लोकांची त्यांना चिंता आहे. मुलांपासून युद्ध लपविलेले नाही. ते त्यांना पेलेल एवढ्या आकारात सांगितले आहे.

माझ्या मते या प्रकारच्या कथांच्या आकर्षणाचे मर्म येथे आहे. भीती नाहीशी करणे हे त्यांचे काम नव्हे. भीतीला नाक, डोळे आणि मूर्खपणा देऊन तिला माणसाच्या मापात आणणे, हे त्यांचे काम आहे. ‘हॉबिट’मधील तीन राक्षस पकडलेल्या बुटक्यांना कसे शिजवावे यावरून रात्रभर भांडत बसतात, आणि उजाडताच उन्हाने त्यांचे दगड होतात. नायक बिल्बो बॅगिन्स हा सुखवस्तू, खाण्यापिण्याचा शौकीन गृहस्थ; साहसाला निघताना आपला हातरुमाल घरी राहिला याचेच त्याला अधिक दुःख. गॉब्लिनांच्या अंधाऱ्या भुयारातही त्याला घरच्या न्याहारीची आठवण येते. या विसंगतीवर आपण हसतो. पण तोच बिल्बो पुढे मित्रांना सोडून पळत नाही, तेव्हा त्याचे शौर्य आपल्याला आपल्या आवाक्यातले वाटते. ज्याचे दोन मित्र एका वर्षात गेले, त्या माणसाने हा नायक घडविला आहे, हे विसरून चालणार नाही. त्याच्या विनोदातील ऊब दुःखाच्या अज्ञानातून आलेली नाही.

हे पुस्तक प्रसिद्ध कसे झाले, तीही कथा मोठी मनोरंजक आहे. हस्तलिखित अॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेकडे गेले, तेव्हा प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचावयास दिले. अभिप्रायाचा मोबदला एक शिलिंग. अभिप्राय अनुकूल आला. २१ सप्टेंबर १९३७ रोजी १५०० प्रतींची आवृत्ती निघाली आणि ती डिसेंबरपूर्वीच संपत आली. एका शिलिंगाच्या गुंतवणुकीवर एवढा परतावा मिळाल्याचे दुसरे उदाहरण अर्थशास्त्राच्या ग्रंथांत माझ्या तरी वाचनात नाही.

तथापि या लेखकाच्या लेखी पैसा हे अंतिम मोल नव्हते. १९३८ साली एका जर्मन प्रकाशनसंस्थेने भाषांतराचा प्रस्ताव मांडताना, आपण आर्य वंशाचे आहात ना, अशी पृच्छा केली. पैशांची गरज असूनही टोल्कीन संतापले. असल्या अटीवर भाषांतर निघण्यापेक्षा ते न निघालेले बरे, अशी आपली भूमिका त्यांनी इंग्रज प्रकाशकांना कळविली, आणि ज्यू समाजाविषयीचा आदर उत्तराच्या मसुद्यात निःसंदिग्धपणे नोंदविला. ‘हॉबिट’ जर्मन भाषेत अवतरले ते १९५७ साली. मुलांना हसविणाऱ्या लेखणीला पाठीचा कणा होता, एवढाच याचा अर्थ.

प्रौढांनी अद्भुतकथा वाचणे म्हणजे वास्तवापासून पळ काढणे, हा आक्षेप त्यांच्याही काळी होताच. १९३९ च्या मार्चमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी त्याचा समाचार घेतला. रणांगणावरून पळणारा शिपाई आणि तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी या दोघांच्या पळण्यात फरक आहे, आणि टीकाकार या दोहोंची गल्लत करतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सोमच्या आघाडीवर राहून आलेल्या माणसाने हे सांगावे, याला वजन आहे.

त्यांच्या लेखनात उणिवा नाहीत असे नाही. ‘हॉबिट’मध्ये एकही स्त्री कथेत प्रत्यक्ष वावरत नाही, ही गोष्ट आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही. गॉब्लिनांची जमातच्या जमात जन्मतः दुष्ट मानावी काय, हा प्रश्न तर खुद्द लेखकाला उत्तरायुष्यात छळत राहिला. ईश्वरनिर्मित सृष्टीत कोणी संपूर्णपणे उद्धारापलीकडचा कसा असेल, याचे समाधानकारक उत्तर त्यांना अखेरपर्यंत सापडले नाही. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये हेच गॉब्लिन ऑर्क या नावाने येतात आणि हास्य बरेच ओसरते. त्या ग्रंथामुळे नुकसान होण्याचा संभव गृहीत धरून प्रकाशकांनी नेहमीच्या मानधनाऐवजी, खर्च भरून निघाल्यावर निम्मा नफा देण्याचा करार केला होता. तो करार लेखकाला किती लाभदायक ठरला, हे सांगायला नकोच.

या यशानंतरची एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १९६० च्या सुमारास टोल्कीन यांनी ‘हॉबिट’ नव्याने, गंभीर आणि भारदस्त शैलीत लिहावयास घेतले. काही प्रकरणे झाल्यावर त्यांनी ती एका स्नेह्याला दाखविली. लेखन उत्तम आहे, पण हे ‘हॉबिट’ नव्हे, अशा आशयाचे मत आले, आणि त्यांनी ते काम सोडून दिले. मुलांना मांडीवर घेऊन सांगितलेल्या गोष्टीतील सलगी विद्वत्तेने दुरुस्त होत नाही, हे त्या विद्वानाने मान्य केले.

१९७१ साली एडिथ निवर्तल्या. २ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, टोल्कीन यांचे निधन झाले. नाताळबाबांची पत्रे पुस्तकरूपाने निघाली ती त्यानंतर, १९७६ साली. चार मुलांपलीकडे कोणी ती वाचील, अशी अपेक्षा न ठेवता ती लिहिली गेली होती.

उपयोग काय, या प्रश्नाकडे आता परत येऊ. आमचे शास्त्र बाजारात किंमत असलेल्या श्रमाची नोंद उत्तम प्रकारे करते. टोल्कीन यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे मानधन त्या हिशेबात बसते; मुलांसाठी जागून काढलेल्या रात्री बसत नाहीत. पण पुढे कोट्यवधी वाचकांना जे मिळाले, त्याचे मूळ या दुसऱ्या खात्यात आहे. जे मूल मूर्ख गॉब्लिनावर हसावयास शिकते, ते भीतीपुढे सर्वस्वी दबून जात नाही. आणि आपल्यासाठी कोणी तरी रात्री जागून गोष्ट रचली, हे ज्याला कळते, त्याला आपण प्रिय आहोत हे निराळे सांगावे लागत नाही. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांना माझा विरोध नाही. मात्र मुलांच्या दिवसातील प्रत्येक पान भरलेलेच असले पाहिजे, हा आग्रह पालकांनी सोडावा. एखादे पान कोरे राहिले तर घाईने त्यावर रेघ मारू नये.