सासवण्याचे नानासाहेब

अलिबाग तालुक्यातले सासवणे हे गाव आपल्यातल्या बहुतेकांनी मांडव्याच्या धक्क्याकडे जाता-येता पाहिलेले असते. याच गावात 2 ऑक्टोबर 1891 रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. पुढे ते नानासाहेब करमरकर म्हणून देशभर ओळखले गेले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव 1981 साली आले.

घरात गणपतीच्या मूर्ती घडत, त्यामुळे लहान विनायकच्या हाताला मातीची सवय आपसूक लागली. चित्र काढायला कागद नसला तर भिंत होतीच. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचे चित्र काढले. दौऱ्यावर आलेले जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला ते पडले. त्यांनी चौकशी करून मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची व्यवस्था केली. शिकण्याची सोय नसलेल्या गावातल्या मुलासाठी हा टप्पा केवढा मोठा होता, हे बोटीने मुंबई गाठून शिकलेल्या आपल्यातल्या अनेकांना वेगळे सांगायला नको.

जे. जे. मध्ये त्यांनी मानाचे लॉर्ड मेयो पदक मिळवले. नंतर सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आधाराने ते कलकत्त्याला गेले आणि तिथे त्यांनी आपला स्टुडिओ उभारला. 1920 नंतर काही काळ लंडनला राहून त्यांनी शिल्पकलेचे पुढचे शिक्षण घेतले.

त्यांचे नाव घरोघरी पोचले ते पुण्याच्या अश्वारूढ शिवपुतळ्यामुळे. या स्मारकाची कल्पना छत्रपती शाहू महाराजांची. पायाभरणी 1921 साली झाली, पण पुतळा व्हायचा होता. नानासाहेबांनी साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा तुकड्यांत न करता एकसंध ओतायचे ठरवले. माझगाव गोदीत ओतकाम झाले. आमच्या संगणकाच्या कामात चूक झाली तर मागे जाऊन दुरुस्त करता येते. इथे तशी सोय नव्हती. वितळलेला कित्येक टन धातू एकदा साच्यात उतरला की उतरला. धातू कुठे अडकला किंवा साचा फुटला, तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम वाया आणि नावही गेले. ओतकाम साधले. मग पुतळा रेल्वेने पुण्याला निघाला. घाटातल्या बोगद्यांतून तो सुखरूप जाईल का, ही काळजी होती. प्रत्येक बोगद्यापाशी गाडी थांबवून अंदाज घेत तो नेला, असे सांगतात. 16 जून 1928 रोजी त्याचे अनावरण झाले.

एवढे नाव झाल्यावर राजेरजवाडे आणि पुढारी यांचेच पुतळे करीत आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य होते. तशी कामे त्यांनी केलीही. पण त्यांचे मन रमले ते आपल्या परसातल्या विषयांत. शंख फुंकणारा माणूस, कोळीण, दारातला कुत्रा, अंगणात रवंथ करीत बसलेली म्हैस. ‘शंखध्वनी’ या शिल्पाला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. यातली बरीच कामे त्यांनी सिमेंटमध्ये केली. ब्राँझला गिऱ्हाईक लागते, सिमेंटला लागत नाही. म्हणजे कोणी सांगितले नसताना, स्वतःला हवे म्हणून त्यांनी म्हैस घडवली. घरासाठी पोत्याने येणाऱ्या वस्तूला त्यांनी कोळणीच्या हसण्याची, जनावराच्या कातडीची मऊ घडी दिली.

भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. 13 जून 1967 रोजी ते गेले. त्यांचे सासवण्याचे घर आज शिल्पालय आहे. सुमारे दीडशे शिल्पे तिथे आहेत. कुटुंबीयांनी ती निगुतीने जपली. खाऱ्या वाऱ्यात आणि आपल्या पावसाळ्यात सिमेंट आणि प्लास्टर टिकवणे ही दर वर्षीची लढाई असते, हे कोकणात घर सांभाळणारा कोणीही सांगेल.

शाळेच्या सहलीत सासवण्याला गेलेल्या मुलांना बाईंनी शिल्पांना हात लावू नका असे बजावलेले असे, तरी म्हशीच्या पाठीवर हात फिरायचाच. ती खरी आहे की काय, याची खात्री करायला. पुण्याच्या पुतळ्याकडे आपण मान वर करून पाहतो. सासवण्याची म्हैस मात्र आपल्या उंचीवर, आपल्या अंगणात बसलेली आहे. दोन्ही एकाच हातांनी घडवल्या, आणि ते हात आपल्या तालुक्यातले होते. मुले सुट्टीत गावी आली की त्यांना किनारा दाखवतोच. वाटेत सासवण्याला एक तास थांबावे. वर्गातल्या प्रत्येकाने हे केले, तर त्या घराला पुढची पिढी मिळेल.