कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या भारतीय जीवशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होत्या. मुंबईतील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजेच टिश्यू कल्चरची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होते. शरीरातील प्रतिकारपेशी कर्कपेशींना कशा मारतात याचा अभ्यास ज्या साधनांवर उभा आहे, त्यांपैकी काही साधने भारतात प्रथम त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली.

बालपण आणि शिक्षण

त्यांचे माहेरचे नाव कमल समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असत. आईचे नाव शांताबाई. कमल यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकाचे शिक्षण घ्यावे आणि तिचा विवाहही डॉक्टरशीच व्हावा अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी यांतले काहीच केले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या प्रावीण्यासह पदवीधर झाल्या आणि १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाहबद्ध होऊन मुंबईस आल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. तिचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची पेशीआनुवंशिकी. बालाघाटाच्या डोंगरांतील ज्या सीताफळाला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते याच कुळातले. पेशीकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना रुग्णालयात नव्हे, तर या झाडांच्या अभ्यासात लागली.

उंदरांचे वंश

मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी काम सुरू केले. स्तनाचा कर्करोग होण्याची प्रवृत्ती कमी-अधिक असलेल्या उंदरांच्या चार वंशांतील निरोगी स्तनग्रंथींची त्यांनी तुलना केली. उंदरांमधील हा रोग आईच्या दुधावाटे पिलांकडे जाऊ शकतो, हे अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. दुधातील तो घटक पुढे विषाणू असल्याचे स्पष्ट झाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिघांच्या मेळातून कर्करोग कसा उद्भवतो, हा प्रश्न रणदिवे यांनी पुढे दीर्घकाळ हाताळला. मुंबई विद्यापीठाने त्यांना १९४९ मध्ये पीएच.डी. दिली.

ऊतिसंवर्धन

त्यानंतर त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी कर्कपेशींचा पहिला अमर वंश, ‘हीला’, गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये वाढविला गेला. भारतात परतल्यावर रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. शरीराबाहेर पेशी जगविणे म्हणजे त्यांना योग्य प्रमाणात क्षार, शर्करा, अमिनो आम्ले आणि रक्तद्रव देणे, तापमान ३७ अंशांवर राखणे आणि एकही जिवाणू किंवा बुरशी आत येऊ न देणे. १९६०च्या दशकाच्या आरंभी लागणारी माध्यमे आणि अभिकारके त्यांनी सहकाऱ्यांसह येथेच तयार केली. चरित्रलेखांत या कामाची दखल सहसा एका वाक्यात आटोपते; वास्तविक पुढचे सारे त्यावरच अवलंबून होते.

१९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या संचालक होत्या. याच सुमारास केंद्राचे नाव कर्करोग संशोधन संस्था असे झाले. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

प्रतिकारशास्त्राचा विभाग कर्करोगाच्या संस्थेत कशासाठी, याचे उत्तर त्या काळी जगभर शोधले जात होते. शरीरात बिघडलेल्या पेशी सतत निर्माण होतात आणि प्रतिकारयंत्रणा त्यांचा नाश करते, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १९०९ मध्ये मांडली होती. ती तपासायची तर मारणारी पेशी आणि मरणारी पेशी एकाच भांड्यात समोरासमोर आणाव्या लागतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेल्या एका पद्धतीत कर्कपेशींना किरणोत्सारी क्रोमियम पाजतात, त्यांत प्रतिकारपेशी मिसळतात आणि काही तासांनी द्रवात किती क्रोमियम सांडले ते मोजतात. पेशी फुटली तरच क्रोमियम बाहेर येते. संवर्धनात वाढविलेल्या पेशी हाताशी नसतील तर असा प्रयोग नियमितपणे करणे दुष्कर होते.

अशा प्रयोगांतून पुढील चित्र स्पष्ट झाले. प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. त्यांत परका किंवा बिघडलेला तुकडा दिसला की मारक टी पेशी त्या पेशीला चिकटते. परफोरिन या प्रथिनाने ती समोरच्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत सोडते. ही विकरे पेशीतील आत्मनाशाची साखळी सुरू करतात. म्हणजे कर्कपेशी बव्हंशी स्वतःच्याच यंत्रणेने मरते. मारक पेशी मात्र सुटून पुढच्या सावजाकडे जाते. काही कर्कपेशी पृष्ठभागावरील खुणाच झाकून टी पेशींना चकवितात. त्यांच्यासाठी नैसर्गिक मारक पेशी आहेत, ज्यांचा शोध १९७५च्या सुमारास लागला: नेहमीची खूण नसणे हाच त्यांच्या दृष्टीने संशय.

कुष्ठरोगाचे काम

प्रतिकारपेशींचे अपयश किती मोठे असू शकते, हे कुष्ठरोगात दिसते. ज्यांची पेशीय प्रतिकारशक्ती सबळ असते त्यांच्या शरीरात जंतू मोजकेच सापडतात. ती ढासळलेली असते तेथे त्वचा जंतूंनी भरून जाते. या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांपासून बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी ऊतिसंवर्धनाच्या आधारे एक जंतू वेगळा करून वाढविला आणि १९५८ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यास आयसीआरसी जंतू म्हणतात. तो प्रत्यक्ष कुष्ठजंतू नव्हे, त्याच्या गोत्रातील दुसरा जंतू आहे, असे पुढे निश्चित झाले. कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात आजतागायत वाढविता आलेला नाही. तरीही आयसीआरसी जंतूपासून संस्थेतील पुढच्या पिढीने लस तयार केली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीत तिने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. या लसीचे श्रेय अनेकदा एकट्या रणदिवे यांना दिले जाते, ते अचूक नाही. पायाभूत काम त्यांच्या गटाचे होते.

सामाजिक कार्य

१९७३ मध्ये त्यांनी ११ सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचे मुख्यालय नवी मुंबईत वाशी येथे आहे. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी शिकून परत यावे, असा त्यांचा आग्रह असे. उतारवयात त्यांनी राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेच्या साथीने अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली.

सन्मान आणि नंतरचा काळ

१९६४ मध्ये त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार आणि वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्यांच्या नावावर २०० हून अधिक शोधनिबंध आहेत.

त्यांच्या निधनानंतर संस्था खारघर येथे हलली आणि ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखणारा ग्राही जोडून परत देण्याची ‘नेक्सकार१९’ ही उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, रणदिवे यांच्या १०४ व्या जयंतीस, गुगलने त्यांच्यावर डूडल प्रसिद्ध केले.