बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले, पण ज्या गुरूंना भेटायचं होतं ते वाटेतच गेले

५ जून १९५२. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानद डॉक्टरेट दिली. राज्यघटना घडवणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याचा तो गौरव होता. पण या प्रवासात बाबासाहेबांना आणखी एक ओढ होती. आपले जुने प्राध्यापक जॉन ड्यूई यांना भेटायचं होतं.

ही गोष्ट सुरू होते १९१३ मध्ये. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलेला मुलगा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत पोहोचला. तेव्हा भीमराव अवघे २२ वर्षांचे होते. कोलंबियात कुणी जात विचारत नव्हतं. तिथेच त्यांनी ड्यूईंचे तास ऐकले.

ड्यूई हे अमेरिकेतले मोठे तत्त्वज्ञ. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोकशाही म्हणजे फक्त सरकार चालवण्याची पद्धत नाही, ती माणसांनी एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे. आणि जुनं आहे म्हणून सगळंच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं नसतं, त्यातलं चांगलं तेवढं निवडायचं असतं.

हे विचार बाबासाहेबांनी आपल्याकडच्या जातिव्यवस्थेला लावून पाहिले. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांचं अध्यक्षीय भाषण आधी वाचलं आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केला आणि त्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. पुढे समता आणि स्वातंत्र्याच्या जोडीने बंधुतेवर त्यांनी जो भर दिला, त्यातही हाच धागा दिसतो.

म्हणून १९५२ ची ती भेट महत्त्वाची होती. पण बाबासाहेब वाटेत असतानाच, १ जूनला, वयाच्या ९२ व्या वर्षी ड्यूईंचं निधन झालं. पदवीदान समारंभ अवघ्या चार दिवसांवर होता.

पत्नी सविता यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी हळहळ व्यक्त केली. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य या माणसाचं देणं आहे, अशी त्यांची भावना होती. समोर बसून आभार मानायचे राहून गेले. पण गुरूंकडून घेतलेला विचार त्यांनी कोट्यवधी माणसांच्या हक्कांसाठी वापरला होता. शिष्याने ऋण फेडायचं ते आणखी कसं?