मत आमचे, माणूस कोणाचा?

परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत शिकले. तेथे १८७० च्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना दिलेला मताधिकार दक्षिणेतील राज्यांनी मतदान-कर व साक्षरतेच्या अटी लावून हिरावला होता. मायदेशी परतल्यावर १९१९ मध्ये त्यांनी साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार व प्रतिनिधित्व मागितले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. गांधीजींच्या उपोषणामुळे पुणे करारात ते सोडावे लागले. राखीव जागा १४८ झाल्या, पण निवड सवर्ण बहुसंख्येच्या हाती गेली. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात खुद्द घटनेचे शिल्पकार राखीव जागेवर पराभूत झाले.

महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच, १९५७ ला, त्याच संयुक्त पद्धतीत नांदेडने मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले लोकसभेत पाठवले. संघटनेची ताकद ती हीच.

शेजारचे लातूर २००९ पासून राखीव आहे. तेथील उमेदवार कोण ठरवतो? समाजबांधवांनो, आम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून सांगतो : कायदा जागा राखतो, माणूस राखत नाही. तो आपणच उभा करायचा आहे.

जय भीम!